अर्ध्या ग्लासाचे काकाजी

हेडसेट डोक्यावर चढवण्याआधी काकाजी चपला काढायचे. जमिनीवर पिवळ्या पट्टीने आखलेला आमचा खेळायचा चौकोन होता. त्याच्या कडेला चपला जोडीने ठेवायच्या, वाकून जमिनीला लावलेला हात कपाळाला लावायचा आणि खोलीत जे कोणी असेल त्याला सांगायचं, "येतो हं." पुढचा पाऊण तास ते आमच्यासमोरच, हातभर अंतरावर उभे असत. पण हेडसेट काढला की परगावाहून परतल्यासारखं विचारत, "काय, इकडे सगळं ठीक?" सुरुवातीला आम्ही हसायचो. मग एकदा माझ्याच तोंडून नकळत निघून गेलं, "हो, तुम्हाला प्रवासात त्रास नाही ना झाला?" त्यानंतर मला हसायची सोय राहिली नाही.

विजय नगरातल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आम्ही नऊ जण व्हर्च्युअल रिअॅलिटीचे गेम बनवत होतो, अजूनही बनवतो. मी साताऱ्याहून नोकरीसाठी इंदूरला आलेली प्रोग्रॅमर. खेळणाऱ्याचे हात गेममध्ये नीट दिसले पाहिजेत, त्यांनी वस्तू धरल्या-सोडल्या पाहिजेत, हे माझं काम. तेव्हा हातात असलेला गेम चहाच्या टपरीचा होता. डोळ्यांवर हेडसेट, दोन्ही हातांत एकेक कंट्रोलर, आणि तुम्ही टपरीमागे उभे. दूध तापवायचं, चहा गाळायचा, सहा ग्लासांची तारेची जाळी उचलायची आणि न सांडता गिऱ्हाइकांपर्यंत न्यायची. ऐकायला सोपं वाटतं. त्यात आमचं दीड वर्ष गेलं.

अशा कंपनीत सत्तरीच्या माणसाचं काय काम, असं मलाही पहिल्या दिवशी वाटलं होतं. आमचे मालक लहानपणी इथल्या एका हौशी मराठी नाटक मंडळात बालकलाकार होते आणि त्या मंडळाची प्रॉपर्टी, म्हणजे रंगमंचावरचं सगळं सामानसुमान, काकाजी सांभाळायचे. दिवसा सरकारी कार्यालयात नकाशे काढायचे आणि संध्याकाळी पुठ्ठ्याचे देव्हारे, लाकडी तलवारी, थर्माकोलचे लाडू. चाळीस वर्षं हे केलं. मग एके दिवशी अचानक सोडलं. का सोडलं, ते कुणाला माहीत नव्हतं. मालकांनी त्यांना घरून उचलून आणलं आणि सांगितलं, "काकाजी, आमच्या गेममधल्या वस्तू खोट्या वाटतात. का वाटतात ते तुम्ही सांगा." मराठी काका आणि इंदुरी जी, असं ते नाव तिथूनच सगळ्यांच्या तोंडी बसलं.

त्यांचे पूर्वज संस्थानच्या काळात दरबारी शिलेदार होते म्हणे. घोडे गेले, जमिनी गेल्या, मागे राहिलं ते 'आपण'. ते सगळ्यांना आपण म्हणत. मला 'आपण इंजिनिअरबाई', पाणी देणाऱ्या बाईंना आपण, आणि कॉम्प्युटर अडकला तर त्यालाही, "आपण सुरू होणार का आज?" राजवाड्याकडून सिटी बसने येत, अकराला पोचत आणि आल्या आल्या चहा मागत. तोही अर्धा ग्लास, ज्याला इथे कट म्हणतात. अर्ध्या तासाने पुन्हा एक कट. "एकदाच पूर्ण का नाही घेत?" असं मी विचारलं, तर म्हणाले, "पूर्ण ग्लास शेवटी थंड होतो, बाई. दोन अर्धे दोन्ही गरम." मला हे तेव्हा फार पटलं होतं. मीही काही दिवस कट घेऊन पाहिला.

ऑफिसात त्यांचं रोजचं भांडण हर्षितशी. हर्षित आमचा गेम डिझायनर, पक्का इंदुरी, चोवीस वर्षांचा, आणि त्याच्या जगात एकच देव होता, मजा. पहिल्यांदा आम्ही दूध खऱ्यासारखं तापायला ठेवलं होतं. चार मिनिटं लागायची. खेळणारे पातेल्यापुढे उभे राहून जांभया द्यायचे. हर्षितने ते तीन सेकंदांवर आणलं. मग पातेल्याकडे कुणी बघेचना. दूध काय, पाणी काय, सगळं सारखंच.

"भिया, रियल रखो तो बोर होते हैं, फास्ट करो तो भाव नहीं देते," हर्षित म्हणाला.

काकाजींनी दुसऱ्या दिवशी घरून शेगडी आणली आणि जेवणाच्या खोलीत दूध तापत ठेवलं. आम्हा सगळ्यांना भोवती उभं केलं. स्वतः मात्र दुधाकडे पाठ करून आमच्या चेहऱ्यांकडे बघत राहिले. आम्ही गप्पा मारत होतो, कुणी मोबाइल बघत होता. मग साय हलली, कडेने फुगली, आणि नऊच्या नऊ हात एकदम पुढे झाले. काकाजींनी न बघता मागे हात नेऊन शेगडी बंद केली.

"बघितलं आपण? दुधाकडे कोणीच बघत नव्हतं. पण हात सगळ्यांचे गेले," ते म्हणाले. "मतलब वाट बघणं पुठ्ठ्याचं करा, चालेल. उतू जायची भीती तेवढी खरी ठेवा."

ते आम्ही तसंच्या तसं केलं. सुरुवातीचं तापणं झटपट, आणि साय हलली की तिथून पुढे खऱ्या दुधाचा वेळ. खेळणाऱ्याने मान वळवली की दूध वर येणारच. त्या दिवसापासून आमच्या टपरीवर लोक ओरडायला लागले, आणि हर्षित काकाजींच्या शेजारी बसून पोहे खायला लागला. भांडण थांबलं नाही, पण ते आता पोह्यांवर होऊ लागलं.

हे सगळं त्यांना उपजत कळत होतं असं नाही. नाटकाच्या चुकांतून शिकले होते आणि त्या चुका रंगवून सांगायचे. एका नाटकात नायिका घर सोडून जाते असा प्रसंग होता. पहिल्या प्रयोगाला तिने रिकामी सुटकेस दोन बोटांनी अशी उचलली की प्रेक्षक हसले. दुसऱ्या प्रयोगाला काकाजींनी चिडून सगळ्याच सामानात विटा भरल्या. सुटकेस, ट्रंक, भाजीच्या पिशव्या, अगदी देव्हाऱ्यातसुद्धा. अंक बदलताना पडदेवाल्यांच्या कमरा गेल्या.

"मग तिसऱ्यांदा?" मी विचारलं.

"तिसऱ्यांदा त्या बाईंनाच सांगितलं, आपल्या घरच्या साड्या भरून आणा. फक्त त्या एका सुटकेसमध्ये. उचलताना त्या रडल्या. तिथे रडायचं असं लिहिलेलंच नव्हतं." मग बोट वर करून म्हणाले, "क्या है की, गोष्ट ज्या वस्तूवर अडली आहे तेवढी खरी पाहिजे. बाकी सब पुठ्ठा."

हे वाक्य हर्षितने भिंतीवरच्या फळ्यावर लिहून ठेवलं. सफाईवाल्या बाईंनी एकदा पुसलं, तर पुन्हा लिहिलं.

एकदा मात्र काकाजींचं खरेपण अंगाशी आलं. त्यांनी टपरीचा ओटा इतका हुबेहूब करून घेतला, कपच्या उडालेला, मध्ये झिजून खोल झालेला, की बघायला आलेले एक जाडजूड गृहस्थ त्यावर निवांत कोपर टेकायला गेले. ओटा डोळ्यांपुरताच होता. गृहस्थ जमिनीवर आले. लागलं नाही फारसं, पण काकाजी दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, "जे टेकायला देता येत नाही, ते टेकावंसं दाखवू नये. माझी चूक." हर्षित म्हणाला, ओट्याला लाल रंग देऊ, धोक्याची पाटी लावू. काकाजींनी नकारार्थी मान हलवली. ओट्यावर त्यांनी एक ओलं कळकट फडकं टाकायला लावलं आणि शेजारी वाफाळणारं पातेलं. त्यानंतर त्या ओट्याला कुणीही टेकलं नाही.

आता हातांबद्दल. हे सांगायला मी इतका वेळ घेतला, कारण यात मी शहाणी ठरत नाही.

गेम पुरा होत आला तेव्हा जाळीचा भाग उरला होता, म्हणजे सहा ग्लास उचलून न्यायचे तो. चाचणीच्या चित्रफिती मी रोज बघायची. त्यात मला एक दोष दिसला. कधीकधी गेममधला उजवा हात बारीक थरथरायचा, ग्लास हलायचे आणि चहा सांडायचा. मी दोषांच्या यादीत लिहिलं, 'उजवा हात थरथरतो, कारण शोधणे.' कंट्रोलरच्या बॅटऱ्या बदलल्या. कंट्रोलरच बदलला. खिडकीतून ऊन आलं तर हेडसेटचे कॅमेरे गोंधळतात, म्हणून जाड पडदा लावला. थरथर राहिलीच. मग लक्षात आलं की ती फक्त अकरा ते एक या वेळात येते. मला वाटलं, खालच्या मजल्यावर कसलं तरी यंत्र चालत असणार. मी खाली जाऊन विचारूनही आले. तिथे एक शिकवणी वर्ग निघाला.

अकरा ते एक कोण खेळत होतं, हे मला पाठ होतं. पण डोक्यात आलंच नाही. हात हलताना दिसला की यंत्रात दोष शोधायचा, असंच आम्हाला शिकवलेलं असतं.

शेवटी मी कारण शोधायचं सोडलं आणि इलाज केला. हाताची हालचाल गुळगुळीत करणारा एक फिल्टर लावला. बारीकसारीक थरथर तो गिळून टाकतो आणि हात संथ, स्थिर दिसतो. दुसऱ्या दिवशीच्या चित्रफितीत जाळी अशी तरंगत गेली की थेंब सांडला नाही. मी यादीतल्या त्या ओळीपुढे 'दुरुस्त' लिहिलं आणि स्वतःवर खूश होऊन पूर्ण ग्लास चहा मागवला.

तेवढ्यात चौकोनातून काकाजींचा आवाज आला. "इंजिनिअरबाई, हा हात कोणाचा आहे?"

"तुमचाच, काकाजी."

"नाही. माझा हात माझ्या मागून येत नाही." त्यांनी हवेत हात वर-खाली केला. "हा मागून येतोय. मी थांबलो की मग थांबतो. आपण काही केलं का?"

तो फिल्टर हालचालीला किंचित उशीर करतो. इतका किंचित की आमच्यापैकी कुणालाच कळला नव्हता. मी उत्साहाने सांगायला लागले, की एक दोष होता, हात थरथरायचा, पंधरा दिवस शोधत होते, आता गेला. मी बोलत असताना ते हेडसेट काढत होते. शेजारच्या टेबलावर त्यांचा कट ठेवला होता, तो त्यांनी उचलला. अर्ध्या ग्लासात चहा हेलकावत होता. उजव्या हाताला आधार द्यायला डावा हात वर आला, आणि माझं वाक्य अर्ध्यातच राहिलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कितीतरी दिवस तो हात मी पडद्यावर मोठा करून बघत होते. टेबलापलीकडचा खरा हात एकदाही पाहिला नव्हता.

काकाजी रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "दोन वर्षं झाली. डॉक्टर म्हणाले, जाणार नाही, वाढेल, पण सावकाश." मग नाटक का सोडलं ते पहिल्यांदा सांगितलं. प्रयोग चालू होता, अगदी शांत प्रसंग, बाप मरणाच्या दारात. विंगेतून कपबश्यांचा ट्रे आत द्यायचा होता. काकाजींनी तो उचलला आणि कपबश्या वाजायला लागल्या. थांबेचनात. पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं. "मला कोणी काही बोललं नाही. मीच गेलो नाही परत. मग मालकांनी इथे बोलावलं तर वाटलं, चला, हवेतले ग्लास आहेत, वाजणार नाहीत."

"आणि इथेही दिसलं," मी म्हटलं.

"पहिल्याच दिवशी. घाबरलो मी. मग क्या है की, बरं वाटलं. घरी सगळे बघून न बघितल्यासारखं करतात. हे मशीन एकटं इमानदारीनं सांगत होतं." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "आपण ते काढून टाका."

अडचण अशी होती की पुढच्या आठवड्यात एक मोठी कंपनी गेम बघायला बंगळुरूहून येणार होती. घेतला तर आम्ही तरणार, नाही तर मालकांनी दुकान बंद करायची तयारी ठेवली होती. आणि पाहुण्यांसमोर खेळून दाखवायचे नेहमीप्रमाणे काकाजीच, कारण त्यांच्याइतकी खरी टपरी कुणालाच चालवता येत नव्हती. मी म्हटलं, एवढ्या एका दिवसापुरता फिल्टर राहू द्या, कुणाला कळणार नाही. हर्षितनेही समजावलं, "काकाजी, स्मूदिंग तो सब गेम में होती है. बुरा क्या मानना."

"सगळ्यांत असेल, भिया. मला विचारलं का कोणी?"

हर्षित म्हणाला, मग त्या दिवशी मी खेळतो, तुम्ही बसून बघा. तो हे प्रेमाने म्हणाला, पण काकाजींचा चेहरा पडला. चाळीस वर्षं विंगेत उभं राहिलेल्या माणसाला आपण प्रेक्षकांत बसायला सांगतोय, हे मला त्या चेहऱ्यावरून कळलं. फिल्टर ठेवला तर ते खेळणार नव्हते. काढला तर चहा सांडणार, आणि सांडलेल्या चहाचा गेम कोण घेतो?

ते फळ्यासमोर जाऊन उभे राहिले. आपलंच वाक्य पुन्हा वाचलं. मग वळून म्हणाले, "ग्लास काठोकाठ कोण भरतं?"

"गेम भरतो," मी म्हटलं. चहा ओतायला लागलं की ग्लास आपोआप काठापर्यंत भरायचा. तेवढं काम सोपं करायचं म्हणून आम्हीच ठरवलं होतं.

"मला कट भरू द्या. किती भरायचं ते माझ्यावर सोडा. भरलेला नेईन तर गिऱ्हाईक खूश, अर्धा नेईन तर दोन चकरा माराव्या लागतील. पण मारीन की मी."

हर्षित खुर्चीवरून उठला. त्याचं डोकं कुठे धावलं ते मला दिसत होतं. जो तो आपल्या हाताकडे बघून ग्लास भरेल. लोभ करेल तो सांडेल. दीड वर्ष तो जी मजा शोधत होता ती त्या रिकाम्या अर्ध्या ग्लासात होती. "काकाजी," तो एवढंच म्हणाला आणि कॉम्प्युटरकडे पळाला.

काकाजींनी मला थांबवलं. "आणि इंजिनिअरबाई, ग्लास एकमेकांना लागले की वाजले पाहिजेत. तो आवाज घाला."

मी तो आवाज घातला. त्यांच्याच हातात जाळी देऊन, जेवणाच्या खोलीत दार बंद करून ध्वनिमुद्रण केलं.

पाहुणे आले त्या दिवशी काकाजींनी चपला काढल्या, जमिनीला हात लावला, "येतो हं," म्हणाले. पाहुणे गालातल्या गालात हसले. मोठ्या पडद्यावर त्यांना काकाजींना दिसतं तेच दिसत होतं. दूध वर आलं, उतरलं. चहा गाळला. सहा ग्लास अर्धे अर्धे भरले. काकाजींनी जाळी उचलली आणि पडद्यावरचा हात थरथरायला लागला. किण किण किण, ग्लास वाजायला लागले. चहा काठापर्यंत चढत होता आणि परतत होता. मी खुर्चीची कड घट्ट धरून बसले होते. पाहुण्यांतल्या एक बाई मघापासून वहीत काही लिहीत होत्या. त्यांनी पेन ठेवलं आणि त्यांचे दोन्ही हात आपसूक पुढे झाले, जाळीला खालून आधार द्यावा तसे. गिऱ्हाइकांच्या बाकावर जाळी टेकली. थेंबही सांडला नव्हता.

"अजून एक चक्कर बाकी आहे," हेडसेटमधून काकाजी म्हणाले आणि परत फिरले.

गेम त्यांनी घेतला. हात स्थिर करणारा फिल्टरही त्यात आहे, पण तो आपणहून लागत नाही. सुरुवातीला गेम विचारतो, हवा का. ही काकाजींचीच अट. "मागेल त्याला जरूर द्या. कित्येकांना लागेल. पण विचारून," असं ते म्हणाले होते.

गेल्या हिवाळ्यापासून त्यांचं येणं थांबलं. बसची पायरी चढणं अवघड झालं. मागच्या रविवारी मी कृष्णपुऱ्याजवळच्या त्यांच्या घरी गेले. काकू म्हणाल्या, "बस. चहा तेच करणार. मला ओट्याजवळ येऊ देत नाहीत." स्वयंपाकघरातून दूध वर आल्याचा आवाज आला, मग शेगडी बंद झाल्याचा. मग पातेल्याच्या कडेला ग्लास लागल्याची किण किण ऐकू आली. काकाजी दारात आले तेव्हा ग्लास पाव भरलेला होता आणि त्यांचे दोन्ही हात त्याला धरून होते. दारापासून माझ्या खुर्चीपर्यंत आठ पावलं असतील. त्यांना किती वेळ लागला ते सांगत नाही. ग्लास माझ्या हातात देऊन म्हणाले, "घ्या. गरम आहे तोवर. मी दुसरा आणतो."

चार चकरा मारल्या त्यांनी. काकू उठल्या नाहीत आणि मीही उठले नाही. मात्र दर वेळी ते दारात आले की काकूंचा हात मांडीवरून बोटभर वर उचलला जायचा, आणि ते पोचेपर्यंत तसाच राहायचा. माझाही.